तीस दिवस तिच्यासाठी



आपल्या बायकांच्या बोलण्यात हल्ली एक नवीन विषय डोकावतो आहे. व्याख्यान संपल्यावर चपला शोधताना किंवा कुणाच्या अंगणात पापड वाळत घालताना एखादी हळूच विचारते, "ते डोक्यावर चुंबक ठेवून डिप्रेशन घालवतात म्हणे, खरं का गं?" दुसरी म्हणते, "चुंबक कसलं, शॉकच असतो तो." तिसरी लगेच विषय बदलते. माझा अनुभव असा, की विषय बदलणारीच्याच घरी बहुधा कुणीतरी आजारी असतं. आजचं लिहिणं तिच्यासाठी आहे.

मी डॉक्टर नाही. वरोरसारख्या समुद्राकाठच्या गावात घर आणि दुकानाची वही सांभाळणारी बाई आहे. पण आमच्या नात्यातल्या एका सुनेने हा उपचार घेतला आणि त्या काळात मी बरंच वाचलं, डॉक्टरांना बरंच विचारलं. त्यातून माझं एक मत झालं आहे, ते आधीच सांगते. हा उपचार घाबरण्यासारखा नाही आणि तो चमत्कारही नाही. औषध चालू असताना त्याला दिलेली ती जोड आहे. आपल्यासारख्या गावातल्या बाईला तो मिळत नाही, कारण त्यासाठी महिना-दीड महिना रोज जावं लागतं. तेवढे दिवस तिला द्यायला घर तयार नसतं. अडतं ते तिथे.

आधी हा उपचार म्हणजे काय ते पाहू. नाव लांबलचक आहे, ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. सगळे टीएमएस म्हणतात. त्यामागचं तत्त्व आपल्या ओट्यावरच आहे. इंडक्शन शेगडीवर हात ठेवला तर भाजत नाही, पण वर स्टीलचं पातेलं ठेवलं की ते तापतं. शेगडीच्या आत तारेचं वेटोळं असतं. त्यातलं चुंबकीय क्षेत्र झरझर बदलतं आणि पातेल्याच्या बुडात वीज तयार होते. चुंबकीय क्षेत्र बदललं की जवळच्या वस्तूत वीज निर्माण होते हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलं होतं. टीएमएसच्या यंत्रातही तारेचं वेटोळं असतं, बहुतेक वेळा इंग्रजी आठाच्या आकाराचं. ते डोक्याला टेकवून धरलं की चुंबकीय ठोका कवटीतून सहज आत जातो आणि मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये अगदी बारीक वीज जागी करतो. मेंदू पातेल्यासारखा तापत मात्र नाही. ठोका क्षणाचा असतो आणि दोन-तीन सेंटिमीटरपलीकडे त्याचा जोर उरत नाही.

१९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे यंत्र पहिल्यांदा माणसाच्या मेंदूवर वापरलं. डोक्यावर वेटोळं धरलं आणि माणसाचा हात आपोआप हलला. पुढे डॉक्टरांच्या मनात आलं, हाताची जागा जागी होते तर मन उभारी धरतं त्या जागेचं काय? नैराश्यात कपाळाच्या वर डाव्या बाजूला असलेला मेंदूचा एक भाग मंदावल्यासारखा दिसतो आणि त्याचे धागे आत खोल, भावना सांभाळणाऱ्या भागांशी जोडलेले असतात. म्हणून बहुतेक वेळा ठोके तिथेच देतात. २००८ मध्ये अमेरिकेच्या सरकारी औषध नियामक संस्थेने, औषधाने न सुधारलेल्या नैराश्यासाठी अशा यंत्राला परवानगी दिली. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्य संस्थेनेही त्याला मान्यता दिली. आपल्या देशात बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आणि रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेत यावर बरंच काम झालेलं आहे. मुंबईत मनोविकारांच्या खासगी केंद्रांमध्येही ही यंत्रं आहेत. म्हणजे काल-परवा कुणी काढलेलं हे खूळ नव्हे.

उपचार घेताना बाई खुर्चीत बसलेली असते, पूर्ण जागी. भूल नाही, सुई नाही, भरती होणं नाही. कानातलं, केसांच्या पिना, क्लिपा काढून ठेवतात आणि कानात बोळे घालतात, कारण यंत्राचा आवाज मोठा असतो. चिकूच्या वाडीत सुतारपक्षी खोडावर चोच मारतो तसा टकटक टकटक आवाज, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा टकटक. पहिल्या दिवशी डॉक्टर वेटोळं हळूहळू सरकवत हाताचा अंगठा कुठे आणि किती जोरावर हलतो ते पाहतात. त्यावरून त्या बाईपुरतं प्रमाण ठरवतात. जुन्या पद्धतीत एक बैठक सदतीस मिनिटांची असते. नव्या पद्धतीत ठोके वेगळ्या तालात देतात आणि बैठक तीन मिनिटांत उरकते. आठवड्यातले पाच दिवस, चार ते सहा आठवडे, अशा वीस ते तीस बैठका होतात. बैठक झाली की ती उठून घरी येते, पोळ्या लाटू शकते.

आता "शॉक" या शब्दाबद्दल. आपल्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की चेष्टेत म्हणतात, "हिला ठाण्याला पाठवा." ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. चार पिढ्यांनी त्या एका वाक्याने मनाच्या आजाराची भीती जपली आहे. शॉक म्हणजे जुन्या सिनेमात दाखवतात तसं, चार माणसांनी धरून ठेवलेली किंचाळणारी बाई, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. त्या उपचाराचं नाव ईसीटी. टीएमएसचा आणि त्याचा संबंध नाही. टीएमएसमध्ये झटका आणत नाहीत आणि शुद्ध हरपत नाही. पण ईसीटीलाही नावं ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्यावर बंदी घातली आहे. बाईने खाणंपिणं सोडलं असेल, जीव द्यायच्या गोष्टी बोलत असेल, तर ईसीटी जास्त लवकर आणि जास्त जोरदार काम करतं. अशा वेळी "आम्हाला चुंबकवालंच पाहिजे" असा हट्ट धरू नये.

गुण किती येतो हे सांगताना मी आकडे लपवणार नाही. २०१८ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी ४१४ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधाने नीट सुधारणा न झालेले हे लोक होते. सदतीस मिनिटांच्या आणि तीन मिनिटांच्या, दोन्ही पद्धतींत जवळजवळ निम्म्या रुग्णांची लक्षणं अर्ध्याहून कमी झाली. साधारण चारांत एक ते तिघांत एक रुग्ण नैराश्यातून जवळपास बाहेर आला. २०२४ मध्ये नेदरलँड्समधला ८९ रुग्णांचा अभ्यास आला, तो आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. दोन उपचार करूनही गुण न आलेले रुग्ण घेतले. सगळ्यांना समुपदेशन होतंच. काहींना चालू उपचाराला टीएमएसची जोड दिली, काहींचं औषध बदललं. जोड दिलेल्यांपैकी ३७.५ टक्के लोकांना ठळक फरक पडला. औषध बदललेल्यांत हे प्रमाण १४.६ टक्के होतं. पूर्ण बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण २७ टक्क्यांविरुद्ध ५ टक्के.

या आकड्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी वाचा. एक औषध लागू पडलं नाही, दुसरंही पडलं नाही, आता तिसरं बदलून बघू, चौथं बघू, असं वर्षानुवर्षं चाललेलं असतं, तिथे ही जोड नक्की विचारण्यासारखी आहे. पण निम्म्या बायकांना मनासारखा गुण येत नाही, हेही तितकंच खरं. आणि ज्यांना येतो त्यांचा आजार काही महिन्यांनी परत डोकं वर काढू शकतो, तेव्हा पुन्हा काही बैठका घ्याव्या लागतात. "यंत्रावर बसवलं, आता गोळ्या बंद" असं घरच्या घरी ठरवणं तर फार धोक्याचं. जोड म्हणजे जोड. गोळी, बोलून मन मोकळं करण्याचा उपचार, झोप, चालणं आणि हे यंत्र यांनी एकमेकांना हात द्यायचा असतो.

यंत्रापर्यंत जाण्याआधी साध्या तपासण्या झाल्या आहेत ना, ते बघा. थायरॉइड कमी असेल, हिमोग्लोबिन उतरलेलं असेल, बी-१२ कमी असेल, तर बाई मरगळते, रडते, तिला काही सुचत नाही. आपण शाकाहारी, त्यामुळे बी-१२ ची कमतरता आपल्या घरांत खूप आढळते. आधी दिलेलं औषध पुऱ्या मात्रेत सहा-आठ आठवडे घेतलं होतं का, हेही डॉक्टर विचारतील. पंधरा दिवस घेऊन "उष्ण पडतं" म्हणून सोडलेली गोळी लागू पडली नाही असं म्हणता येत नाही.

त्रास काय होतो? ठोके बसतात तिथे दुखतं, डोकं दुखतं, कधी भुवई किंवा गाल फडफडतो. पहिल्या आठवड्यानंतर बहुतेकींना ते जाणवेनासं होतं. फिट येण्याचा धोका हजारात एकीलाही नाही इतका कमी, पण आहे. म्हणून पूर्वी कधी फिट आली असेल, डोक्यात शस्त्रक्रियेची क्लिप असेल, कानाच्या आत बसवलेलं यंत्र असेल, छातीत पेसमेकर असेल, दिवस गेले असतील, किंवा मधूनच फार उत्साहाचे, झोप न लागणारे दिवस येत असतील, तर ते पहिल्याच भेटीत सांगायचं. दाताच्या चांदीची काळजी करू नका.

आता आपल्या घरांकडे येऊ. मन खचलेल्या बाईला आपल्याकडे दोन प्रकारची वाक्यं ऐकावी लागतात. पहिलं, "कर्माचा उदय आहे, भोगलंच पाहिजे. सामायिक वाढव, माळ वाढव." असाता वेदनीय कर्माचा उदय मधुमेहातही असतो. तिथे आपण इन्सुलिन टोचतो, पायाच्या जखमेला पट्टी बांधतो, आणि नवकारही म्हणतो. पूर्वकर्माबरोबर पुरुषार्थही आपल्या शास्त्राने मानला आहे. मग मनाच्याच आजारात पुरुषार्थाला सुट्टी का? आणि ज्या बाईला दोन ओळींवर लक्ष टिकवता येत नाही, तिला "तुझं आर्तध्यान चाललंय" असं सुनावलं की तिच्या दुःखात अपराधाची भर पडते. अपराधी वाटणं हे या आजाराचंच एक लक्षण आहे. आपण आजाराला खतपाणी घालतो.

दुसरं वाक्य ऐकायला गोड आहे, म्हणून जास्त घातक आहे. "किती विरक्त झाली आहे बघा! दागिन्यांत मन नाही, खाण्यात मन नाही, कुणाशी बोलत नाही." सख्यांनो, वैराग्य आणि नैराश्य लांबून सारखं दिसतं, जवळून नाही. विरक्त माणसाचं मन हलकं असतं. त्याला समोरच्याबद्दल करुणा वाटते, क्रियेत रस असतो, पहाटे उठून प्रतिक्रमण करायला अंगात बळ असतं. निराश बाईला पहाटे तीनला जाग येते आणि उठवत मात्र नाही. ती साडी बदलत नाही, कारण कपाट उघडणंही डोंगराएवढं वाटतं. तिला मुक्ती नको असते, फक्त हे संपायला हवं असतं. ज्या घरात त्याला वैराग्य म्हणून टाळ्या मिळतात, त्या घरात तिला डॉक्टरकडे न्यायला वर्षं जातात. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं, की आपल्या देशात दर वीस माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठलेलं असतं आणि आजारी असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत. आपल्या पर्युषणातल्या गर्दीत बसून हा हिशेब करून पाहा.

आणि आता तीस दिवसांची गोष्ट. वरोरहून निघायचं म्हणजे आधी रिक्षा किंवा एसटी पकडून वाणगाव स्टेशन. मग डहाणूची लोकल, ती २०१३ पासून मिळाली खरी, पण चर्चगेट-विरारसारखी दर पाच मिनिटांनी येत नाही. एक चुकली की फलाटावर बसा. बोरिवली-अंधेरीपर्यंत जाऊन, उपचार घेऊन घरी येईपर्यंत पाच-सहा तास सहज जातात. तीन मिनिटांच्या ठोक्यांसाठी सहा तास, आणि असं सहा आठवडे. तेही त्या बाईने, जिला अंघोळीला उठणंही जड झालेलं आहे. एकटीने हे होणार नाही. कुणीतरी बरोबर जायला हवं, कुणीतरी मागे स्वयंपाकघर आणि मुलांची शाळा धरायला हवी. हे म्हटलं की घरातून उत्तर येतं, "रोज कोण जाणार? दुकान आहे, चिकूचा हंगाम आहे. गोळ्याच वाढवून द्या म्हणावं डॉक्टरना."

पण सख्यांनो, हेच घर तीस दिवस देऊ शकतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. घरात कुणी मासखमण करते तेव्हा काय होतं? तीस दिवस तिला पदर सावरायला लागू नये इतकी काळजी घेतात. जावा तिची कामं वाटून घेतात. सासू उकळलेलं पाणी गार करून हातात देते. नणंदा लांबून शाता विचारायला येतात. अठ्ठाईला आठ दिवस घर तिच्याभोवती फिरतं. उपधानाला सून सत्तेचाळीस दिवस घर सोडून राहते, आणि सासरे अभिमानाने सांगतात, "आमची सून उपधानाला बसली आहे." वेळ नाही हे खरं नाही. वेळ आहे, माणसं आहेत, सवयसुद्धा आहे. फक्त आजारी बाईसाठी तो वेळ काढणं हे आपल्याला धर्माचं काम वाटत नाही.

ते धर्माचं काम आहे, असं माझं म्हणणं आहे. सहा अभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्य आहे. कुणाची वैयावृत्त्य करायची याची यादी तत्त्वार्थसूत्रात दिली आहे आणि त्यात 'ग्लान', म्हणजे आजारी, स्वतंत्र सांगितला आहे. तिथे संदर्भ साधूंचा आहे हे मला माहीत आहे. पण साधूंच्या सेवेतून शिकलेला भाव घरातल्या ग्लान बाईपाशी येऊन संपावा, असं कुठेच लिहिलेलं नाही.

आमच्या नात्यातल्या सुनेचं सांगते. दोन औषधं झाली, दीड वर्ष गेलं. डॉक्टरांनी टीएमएसची जोड सुचवली तेव्हा घरात आठ दिवस वाद झाला. शेवटी तिची सासू म्हणाली, "मी जाते हिच्याबरोबर." सासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखणारी. सकाळी थेपले आणि सुकी भाजी डब्यात, पाण्याची बाटली पिशवीत, आणि दोघी बायकांच्या डब्यात. जाताना सून खिडकीबाहेर बघत बसायची, सासू माळ फिरवायची. पहिले दोन आठवडे काही फरक नाही. सासऱ्यांनी भाड्याचा हिशेब काढायला सुरुवात केली. अठराव्या दिवशी परतीच्या गाडीत सुनेने डबा उघडला आणि म्हणाली, "आई, भाजीत मीठ कमी आहे." सासू मला सांगताना रडली. दीड वर्षात त्या मुलीने मीठ जास्त-कमी काही म्हटलं नव्हतं, पुढ्यात येईल ते गिळायची.

ती पूर्ण बरी झाली, असं मी लिहिणार नाही. तिची गोळी चालू आहे. सात-आठ महिन्यांनी पुन्हा मन उतरायला लागलं तेव्हा काही बैठका पुन्हा घ्याव्या लागल्या. पण आता ती मुलाचा अभ्यास घेते आणि भाजीवाल्याशी घासाघीस करते. त्या तीस दिवसांत यंत्राने किती केलं आणि सासूच्या सोबतीने किती, हे वेगळं काढता येणार नाही, आणि मला ते काढायचंही नाही. यंत्राचा गुण अभ्यासांनी दाखवलेला आहेच. पण सासू नसती तर यंत्रापर्यंत ती पोचलीच नसती.

आपल्या नियमांबद्दल बऱ्याच जणी विचारतात, तेही सांगून टाकते. टीएमएसमध्ये पोटात काही जात नाही, त्यामुळे कॅप्सूलच्या जिलेटिनचा प्रश्न इथे येत नाही. औषधाच्या कॅप्सूलबद्दल शंका असेल तर डॉक्टरांना गोळीच्या रूपात किंवा वनस्पतीजन्य आवरणातलं औषध आहे का ते विचारा, मनातल्या मनात बंद करू नका. चोविहार पाळायचा असेल तर बैठकीची वेळ सकाळची मागा, म्हणजे सूर्यास्ताआत घरी पोचता येतं. रात्रीची गोळी सूर्यास्ताआधी घेतली तर चालेल का, हेही मोकळेपणाने विचारा, पुष्कळदा वेळ बदलून मिळते. मात्र उपवासाबाबत सावध राहा. झोप अपुरी झाली की फिट येण्याचा धोका वाढतो. त्यामुळे रात्री जागरण आणि सकाळी टीएमएस असं करायचं नाही. लिथियम चालू असेल तर पाण्यावाचून केलेला उपवास धोक्याचा आहे, अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. उपचार चालू असताना मोठी तपश्चर्या पुढे ढकलावी. गुरुमहाराजांना कारण सांगितलं तर ते समजून घेतात, असाच माझा अनुभव आहे.

पैशाचं बोलायलाच हवं. खासगी ठिकाणी दर बैठकीचे पैसे घेतात आणि तीस बैठकांचा आकडा लहान नसतो. सुरुवातीलाच पूर्ण खर्च लेखी मागा. किती बैठकांनंतर गुण मोजणार, आणि नाही आला तर थांबणार का, हे विचारा. जो डॉक्टर "शंभर टक्के बरी होईल" म्हणतो त्याच्याकडून उठून या. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजारासाठी शरीराच्या आजारासारखाच विमा देणं बंधनकारक केलं आहे. पण हा उपचार भरती न होता घेतात आणि बऱ्याच पॉलिस्या भरती झाल्यावरच पैसे देतात, म्हणून कंपनीला आधी लेखी विचारून ठेवा.

आणि आपल्या संघांना, ट्रस्टना माझी विनंती आहे. औषधदान आपल्या चार दानांत आहे. डोळ्यांची शिबिरं, डायलिसिस, रक्तदान, सगळ्यांत आपला समाज पुढे असतो. त्या यादीत मनाचा आजार आणा. मुंबईत आपल्या धर्मशाळा, अतिथीगृहं आहेत. त्यातल्या दोन खोल्या बाहेरगावच्या अशा रुग्ण बाईसाठी आणि तिच्या सोबतिणीसाठी सहा आठवडे राखून ठेवा. वरोर, चिंचणी, डहाणू, तलासरीच्या बाईची सहा तासांची ये-जा दहा मिनिटांवर येईल. आमच्या भागात वाढवण बंदराला २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली तेव्हापासून रोज चर्चा झडतात, कुणी बाजूने, कुणी विरोधात. बाजू कोणतीही असो, मागण्यांच्या कागदावर एक ओळ आपण बायकांनी घालावी: पालघर जिल्ह्यात सरकारी मनोविकार उपचार वाढवा आणि एक टीएमएस यंत्र जिल्ह्यातच द्या. २०१४ मध्ये जिल्हा वेगळा झाला, तर मनाच्या उपचाराला मुंबई का गाठायची? तीन मिनिटांची पद्धत आल्यापासून एका यंत्रावर दिवसाला पूर्वीच्या कितीतरी पट रुग्ण होऊ शकतात. यंत्र महाग आहे, पण एकदाच घ्यायचं आहे.

कुणी म्हणेल, एवढ्या-तेवढ्याला मुंबईला कशाला, घरात प्रेम दिलं तर बरी होते. प्रेम हवंच. पण पाय मोडलेल्या बाईला प्रेमाबरोबर प्लास्टरही घालतो. प्रेम म्हणजे काय करायचं, हे मी वर लिहिलं आहे: सकाळी डबा भरायचा, वाणगावची रिक्षा सांगून ठेवायची आणि तिच्या शेजारी बसायचं.

कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल तर सरकारची 'टेली मानस' ही हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. रात्री-अपरात्री कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर सकाळची वाट पाहू नका, तेव्हाच फोन लावा आणि तिला एकटी सोडू नका. एरवी जवळच्या सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते आज विचारून ठेवा. टीएमएस लागेल की नाही, ते डॉक्टर ठरवतील. बहुतेकींना लागणारही नाही, गोळी आणि बोलणं पुरेसं होईल. पण लागलंच, आणि डॉक्टर म्हणाले, "रोज यावं लागेल, तीस वेळा," तर घरातल्या कुणीतरी दोन क्षणही न थांबता म्हणावं, "मी येते बरोबर." ते आपल्यापैकीच कुणीतरी म्हणायचं आहे.